शेडिंगवाली पहिली शाई घेताय? आधी हे बघा

फाउंटन पेनसाठी शेडिंगवाली शाई, म्हणजे एकाच रेघेत कुठे फिकी कुठे गडद दिसणारी, घ्या की बिनधास्त, फक्त फोटो बघून घेऊ नका. फोटोतलं शेडिंग बहुतेक वेळा जाड निबाचं आणि गुळगुळीत कागदावरचं असतं, तुमच्याकडे जपानी फाइन निब आणि साधा झेरॉक्सचा कागद असेल तर तीच शाई सपाट दिसणार आणि तुम्ही शाईला शिव्या घालणार. म्हणून आधी ब्रॉड नाहीतर १.१ मिमी स्टब (चपट्या, रुंद टोकाचं) निब आणि शाई पटकन न पिणारा कागद, मग बाटली.

रंग मधल्या छटेचा घ्या. काळ्यात, गडद निळ्यात शेडिंग दिसायला जागाच नसते आणि फार फिका पिवळा वाचता येत नाही (दिसतो मात्र झकास!). माझं मत डायमाइन कंपनीच्या एन्शंट कॉपर या शाईला, वेलांटीच्या टोकाला पेन थांबतं तिथे शाई साचून गडद तांबूस, बाकी रेघ नारिंगीकडे झुकलेली. ३० मिलीची बाटली मिळते, पुष्कळ झाली.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- पेन नीट न धुता रंग बदलणं
- ड्रॉइंगची इंडिया इंक भरणं, त्यात बऱ्याचदा लाख (शेलॅक) असते, फीड (निबाखालचा शाई पुरवणारा भाग) चोंदलाच म्हणून समजा

शीन (सुकल्यावर दिसणारी वेगळ्या रंगाची झाक), शिमर (शाईतली चमकी) यांच्या भानगडीत आत्ता पडू नका, ते नंतर बोलू.