क्रॉनची कामं कोणाच्या खात्यातून चालवावीत?

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरवर रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) क्रॉनटॅबमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांच्या यादीतून, चालते. स्क्रिप्ट मात्र एका सहकाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये आहे. यात धोका आहे का?

आहे, आणि मोठा आहे. हातातलं काम बाजूला ठेवून आधी हे दुरुस्त करा. क्रॉन, म्हणजे ही कामं वेळेवर चालवणारा प्रोग्राम, ती फाइल रूटच्या अधिकारानं चालवतो, आत काय लिहिलंय ते तपासत नाही. ज्याला त्या फाइलमध्ये एक ओळ वाढवता येते, त्याला रात्रीपर्यंत थांबलं की सगळा सर्व्हर मोकळा. सहकारी कितीही भरवशाचा असो, त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या हाती लागू शकतोच.

फाइलची मालकी रूटला देऊन परवानगी ७५५ (लिहिता येईल फक्त मालकाला, बाकीच्यांना वाचता आणि चालवता) केली की झालं, असं अनेकांना वाटतं. तेवढ्यानं भागत नाही. फोल्डर सहकाऱ्याचं आहे, त्यामुळे तो तुमची फाइल काढून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो. स्क्रिप्ट रूटच्या मालकीच्या फोल्डरमध्ये हलवा. ती आणखी कुठल्या फाइली वाचून चालवते तेही बघा, तिथेही हाच धोका असतो.

पण मुळात बॅकअपला रूट हवाच कशाला? त्यासाठी वेगळं खातं उघडा, त्याचं लॉगिन बंद ठेवा, डेटाबेसमध्ये बॅकअपपुरतेच अधिकार द्या आणि काम त्याच खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये टाका. उद्या स्क्रिप्टमध्ये गडबड झाली तरी नुकसान त्या खात्याच्या आवाक्यापुरतंच राहील.

प्रश्न : काम सोडून गेलेल्या माणसाचं नाव क्रॉन.अलाउ या परवानगी असलेल्यांच्या यादीतून काढलं, तरी त्याचं काम चालूच आहे. असं का?

ती यादी क्रॉनटॅब ही आज्ञा वापरताना तपासली जाते. आधी नोंदवलेली कामं तशीच चालू राहतात. रूट म्हणून क्रॉनटॅबला ‘यू’ पर्यायासोबत त्याचं नाव द्या, ‘एल’नं यादी पाहा, प्रत जपून ठेवा आणि मगच ‘आर’नं पुसा. ‘आर’ काहीही न विचारता सगळं पुसतो. ‘अ‍ॅट’ची (एकदाच चालवायची) कामं आणि सिस्टमडीचे टायमरही (कामं वेळेवर चालवणारी दुसरी सोय) पाहायला विसरू नका, ते ‘एल’च्या यादीत येत नाहीत.

जाता जाता : अलाउ आणि डिनाय (मनाई असलेल्यांची यादी) या दोन्ही फाइली नसतील, तर डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर सगळ्यांना क्रॉनटॅब वापरता येतो, रेड हॅट या प्रकारावर फक्त रूटला. सर्व्हर बदलताना हा फरक नडतो. अलाउ फाइल स्वतः तयार करून तीत मोजकी नावं लिहिलेली बरी.

प्रश्न : उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर क्रॉन.डी या क्रॉनच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये ‘बॅकअप.एसएच’ नावाची फाइल ठेवली, पण ती चालतच नाही.

नावातला टिंब काढा, टिंब असलेली फाइल तिथे वगळली जाते. वेळेच्या पाच रकान्यांनंतर सहावा रकाना वापरकर्त्याच्या नावाचा असतो, तोही भरा. शिवाय फाइल रूटच्या मालकीची हवी आणि इतरांना तीत लिहिता येता कामा नये, नाहीतर क्रॉन ती नाकारतो. एवढी दक्षता तो फक्त या फाइलीपुरती घेतो. तीत नोंदवलेल्या स्क्रिप्टची मालकी तुम्हालाच तपासावी लागते.