त्या जुन्या इन्क्लाईनबद्दल

अरे बाबा,

तुझा मेसेज वाचला, व्हिडिओ पण बघितला. रविवारी मित्रांबरोबर त्या बंद पडलेल्या कोळसा खदानीच्या इन्क्लाईनमध्ये, म्हणजे आत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्यात, शूटिंगला जायचं म्हणतोस. फोन न करता मुद्दाम लिहितोय, कारण फोनवर तू हो काका हो काका करशील आणि रविवारी पोट्ट्यांना घेऊन जाशीलच. नुसतं जाऊ नको म्हणून काही होत नाही हे मला पण माहितीये. म्हणून काहून नाही जायचं ते नीट सांगतो, कोळसा खदानीत सरदारकी केलेला, म्हणजे आत कामगारांवर आणि सुरक्षेवर नजर ठेवणारा माणूस म्हणून.

तुमची तयारी काय तर हेल्मेट, दोर, टॉर्च आणि पॉवर बँक. म्हणजे तुम्हाला भीती आहे ती अंधाराची आणि दगडाची. दगडाचं पुढे सांगतो, पण बंद खदानीत आधी हवा मारते. चालू खदानीत वर मोठा पंखा चोवीस तास फिरतो म्हणून आतल्या माणसाला हवा मिळते, आणि ऑक्सिजन 19 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये असा नियम आहे. खदान बंद झाली की पंखा बंद. कोळसा मात्र आपलं काम चालूच ठेवतो, तो हवेतला ऑक्सिजन खात राहतो, सडणारं लाकूड खातं, गंजणारं लोखंड खातं, आणि मागे राहतो नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड. वास नाही, रंग नाही. बरं गुदमरायला होईल मग पळू म्हणशील, तर तेही दरवेळी होत नाही, कारण शरीराला कार्बन डायऑक्साइड वाढलेला पटकन कळतो, ऑक्सिजन कमी झालेला तेवढा कळत नाही. डोकं हलकं होतं, उगाच हसू येतं, मजा येतेय असंच वाटतं आणि मग पाय साथ सोडतात. ऑक्सिजन दहाच्या खाली गेला की माणूस आडवा, आणि सहाच्या खाली तर दोन-चार श्वासातच.

तुझा तो मित्र म्हणतो ना की मी दिवाळीत आत जाऊन आलो, काही नाही झालं. खोटं नसेल बोलत. पण कसंय, बंद खदान पण श्वास घेते. बाहेर हवेचा दाब वाढला की ताजी हवा आत ढकलली जाते, दाब पडला, म्हणजे वादळपाऊस यायच्या आधी पडतो तसा, की आतली खराब हवा तोंडापर्यंत येते. म्हणजे दिवाळीत जिथं उभं राहून ह्यांनी सेल्फी काढला तिथंच जूनमध्ये चक्कर येऊन पडायला होईल. त्यात इन्क्लाईन म्हणजे उतार, कार्बन डायऑक्साइड जड, तो डिपच्या, म्हणजे खालच्या बाजूला साचतो, वर उभ्याला काही नाही आणि चार पावलं खाली गेलेला बसकण मारतो.

आणि हवा चांगली आहे का ते लायटर पेटवून बघू वगैरे डोक्यातून काढ. जुन्या कोळसा खदानीत मिथेन असू शकतो, हवेत 5 ते 15 टक्क्यांच्या मधे असला की ठिणगीला स्फोट. आमच्याकडे सेफ्टी लॅम्प असायचा, त्याची ज्योत जाळीच्या आत, आणि ती ज्योत वाचायला शिकावं लागायचं, परीक्षा असायची त्याची. यूट्यूबवर बघून होणारं काम नाही ते.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते ती. गावाकडं विहिरीचा गाळ काढायला एकजण उतरतो, वर येत नाही म्हणून भाऊ उतरतो, मग शेजारी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तिघांची बातमी. तुम्ही पाचजण जिवाभावाचे आहात म्हणून तर मला जास्त काळजी. एकजण पडला तर बाकीचे बाहेर उभे राहून फोन लावतील का? नाही लावणार, धावतील. नागपूरला खदानींचं रेस्क्यू स्टेशन आहे, तिथली माणसं पाठीवर स्वतःचा ऑक्सिजन घेतल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत, आणि ती ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत.

दगडाचं. आम्ही छताला चाल म्हणतो. शिफ्टला आत गेलं की आधी काठीने चाल ठोकायची, घट्ट असेल तर टणटण आवाज येतो, सुटलेली असेल तर फुटक्या माठासारखा भद्द. आणि ती सुटलेली चाल डोळ्याला एकदम चांगली दिसते बरं का, भेग नाही काही नाही. चालू खदानीत हे रोज करायचं आणि लगेच टेकू नाहीतर बोल्ट लावायचा. वर्षानुवर्षं कोणी न ठोकलेल्या चालीखाली तुमचं हेल्मेट काय करणार? चंद्रपूरकडच्या घुग्घुसचं तर तुला माहितीच असेल, 2022 च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं अख्खं घर जमिनीच्या पोटात गेलं, खाली जुनी भूमिगत खदान. घरची माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. वरून घर गिळतं ते, आणि तुम्ही खालून जाणार.

पाण्याचं थोडक्यात. जुन्या खदानी पाण्याने भरतात आणि खाजगी कंपन्यांच्या काळातले, म्हणजे 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीचे नकाशे सगळे भरवशाचे नाहीत. आपल्या शेजारी छिंदवाड्याकडं न्यूटन चिखलीला 1954 मध्ये खदानीत पाणी घुसून 63 माणसं गेली. झारखंडातल्या चासनाल्याला 1975 मध्ये तसंच पाणी घुसून 375. ही सगळी रोज आत उतरणारी माणसं होती, नवखी नव्हती.

तुझ्या ग्रुपमधे ती दोन अकरावीतली पोरं दिसली, त्यांना तर चालू खदानीत पण कायद्याने कामाला घेता येत नाही, अठराच्या आत बंदी आहे.

बरं, खदान बघायचीच आहे ना, मग रीतसर बघ. सावनेरला वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स ह्या सरकारी कोळसा कंपनीने, एमटीडीसी ह्या राज्याच्या पर्यटन महामंडळाबरोबर 2016 मध्ये खदान पर्यटन काढलं होतं, सध्याचं काय ते वेकोलिच्या नागपूरच्या ऑफिसात विचार. आणि तुझा कॅमेरा चांगला आहे हे मी मनापासून म्हणतोय, ती पडकी इन्क्लाईन तर कोणीही शूट करेल, पण राष्ट्रीयीकरणाआधी गैंती-टोपलीने कोळसा भरलेली माणसं आता मोजकीच उरलीत आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. कंपनीचा मुनीम टब, म्हणजे कोळशाचे डबे, कसे मोजायचा, मजुरी कापायचा कसा, सगळं सांगतात, शिव्यांसकट.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. रविवारी अकराच्या आत ये, नंतर ते झोपतात. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून जोरात बोलावं लागेल, आणि कॉलरला लावायचा माईक आण, त्यांच्याकडचा कूलर फार आवाज करतो.

तुझा काका