खांदेरीच्या बत्तीला जायचंय? आधी तिथी बघा

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात आई-वडील आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन अलिबागजवळच्या थळसमोरचं खांदेरी बेट आणि त्यावरचं दीपगृह बघता येईल का, त्याचा इतिहास काय, आणि एका दिवसात मुंबईहून जाऊन परत येणं जमेल का. जमेल. मी चार वेळा गेलोय, त्यातल्या एका वेळी फजिती झाली, तीही सांगतो.

आधी इतिहास, कारण तो ठाऊक नसेल तर तिथे नुसता पांढरा मनोरा दिसतो. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला वाटेत हे बेट लागतंच. म्हणून १६७९ च्या ऑगस्टात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना इथे किल्ला बांधायला पाठवलं, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी बेटाला वेढा घातला. थॉर्प नावाचा लेफ्टनंट बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. पण खरी गंमत रात्रीची. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागच्या जागी डुलत राहायची आणि आपल्या वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून सामान घेऊन बेटावर पोचायच्या. ऑक्टोबरात महाराजांचा सरदार दौलतखान याचं आरमार बाहेर पडलं, मोठी चकमक झाली आणि इंग्रजांचं ‘डव्ह’ हे गलबत आपल्या हाती आलं. जंजिऱ्याच्या सिद्दीने मग शेजारचं उंदेरी बेट बळकावलं, पण खांदेरी काही हलली नाही. पुढे १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून कान्होजी आंग्र्यांकडून ती घ्यायला आला आणि हात हलवत परत गेला.

ज्या खडकावरून इंग्रजांची वाट अडवली जायची, त्याच खडकावर त्यांनी १८६७ मध्ये बत्ती लावली, आपल्याच जहाजांना वाट दाखवायला. मला या बेटाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. आठकोनी दगडी मनोरा आहे, उंची पंचवीस मीटरच्या आसपास. मुंबईत कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्रॉन्ग्सचं दीपगृह १८७५ चं, म्हणजे खांदेरीची बत्ती त्याच्याहून आठ वर्षांनी थोरली. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे द्वीप असं नाव दिलं, पण थळच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, तसं सांगितलंत तर तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि मग म्हणेल, “खांदेरी ना?”

आता जायचं कसं. मुंबईहून रो-रो (गाड्याही नेणारी बोट) किंवा लाँचने मांडवा, तिथून थळ. थळच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या ठरवून मिळतात. भाव माणसांवर आणि तुमच्या बोलण्यावर ठरतो, म्हणून आकडा देत नाही. ओळखीतून आदल्या दिवशी फोन करून ठेवा. पावसाळ्यात नावच काढू नका. दीपगृहावर चढू देतात का आणि परवानगी कुठून घ्यायची, हे नियम बदलत असतात. निघण्याआधी चौकशी करा आणि वर जायला मिळेलच असं लेकीला आधीच कबूल करू नका.

घड्याळापेक्षा महत्त्वाची भरती. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बारा, बारा गुणिले पाऊण नऊ, म्हणून पूर्ण भरती नऊच्या सुमाराला. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. द्वादशी-त्रयोदशीला साडेआठला होडीत बसलात तर बारा-साडेबाराच्या आत परत येता.

फजिती झाली त्या खेपेला आम्ही गेलो होतो अष्टमीला. आठ गुणिले पाऊण सहा! म्हणजे भरती पहाटे सहाला आणि ऐन दुपारी बाराला खडखडीत ओहोटी. परत आलो तर होडी काठापासून दोनेकशे पावलांवर अडली. सगळ्यांनी गुडघाभर चिखलातून चालत यायचं. माझ्या वडिलांची एक चप्पल तिथेच राहिली. ते दुसरी हातात धरून रिक्षात बसले आणि अलिबागपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

बेटावर उतरायला धक्का आहे, पण होडी वरखाली होते. आई-वडिलांना उतरवताना खलाशाला हात द्यायला सांगा, आपण हिरोगिरी करू नये. वर जाताना वेताळाचं देऊळ लागतं, कोळ्यांचं मोठं श्रद्धास्थान. तिथे जरा आवाज कमी ठेवा. लेकीला दोन गोष्टी नक्की आवडतील. एक, चाकांच्या गाड्यावर अजून उभी असलेली तोफ. दुसरी, वाजणारा दगड. एवढा मोठा धोंडा, त्यावर छोट्या खड्याने टकटक केलं की पितळी हंड्यावर चमचा आपटल्यासारखा टण्ण आवाज येतो. लोकांनी ठोकून ठोकून त्याला खळगे पाडलेत, तेव्हा हळूच वाजवायला सांगा. तटाबाहेर लाटा फोडायला रचलेले दगड आहेत, त्यांवर कालवं चिकटलेली असतात. ती पात्यासारखी कापतात, तिकडे पोरीला अनवाणी सोडू नका.

उंदेरी त्याच फेरीत करायचा मोह होतो. तिथे धक्का नाही, खडकांवरच उडी मारून उतरावं लागतं, म्हणून वडीलधारे बरोबर असताना नको. होडीतूनच दाखवा.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. त्यामुळे शनिवार-रविवार शक्यतो टाळा. पाणी आणि खाणं घरूनच न्या, बेटावर काही मिळेल असं धरू नका. आणि चप्पल नको, मागून पट्टा असलेले सँडल घाला. का, ते वर लिहिलंच आहे.