सासूबाईंची खोली रिकामी करताय? आधी वॉकरची वाट मोजा

वहिनी, तुम्ही लिहिलंय की बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरातली खालची खोली सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी रिकामी व्हायला हवी, पण सामान उपसायला बसलं की अख्खा रविवार जातो आणि खोली होती तशीच राहते. तशीच राहणार की! तुम्ही मनात सगळं घर आवरायला घेतलंय. घर राहू दे. पलंगापासून संडासापर्यंतची वाट आणि पलंगाच्या भोवतालची जागा, एवढंच काम धरा.

गल्लीतल्या जुन्या घरांत खोल्या एकामागे एक, आणि संडास पार मागं परड्यात. म्हणजे वाट माजघरातून, स्वयंपाकघरातून जाणार. टेप घेऊन ती मोजा. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो, त्यामुळे तीन फूट सलग मोकळे पाहिजेत. धान्याची कोठी, शिलाई मशीन, दाराआडचा घडीचा पाळणा, जे त्या तीन फुटांत येईल ते आधी हलवा. सतरंज्या, पायपुसणी तर आजच उचला. वॉकरचा पाय त्यातच अडकतो. उंबऱ्यांना सुताराकडून लाकडी उतार करून घ्या.

खोलीतल्या वस्तूंना 'उपयोगी पडेल का' हे विचारूच नका. गणपतीत मोठी पातेली लागतात, पाहुणे आले की वाकळा लागतात, आपल्याकडं उपयोग कशाचा होत नाही? विचारायचं ते हे, की वस्तू वाटेत येते का, आणि सासूबाईंना बसल्या जागी हाताशी लागणार आहे का. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' आलं, की ती बाहेर. मात्र बाहेर म्हणजे वरच्या मजल्यावर नव्हे. वर नेऊन ठेवलेलं सामान दिवाळीपर्यंत परत खाली येतं.

पितळी घंगाळ, हंडे, बंब यांचा निर्णय सासूबाईंना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यांना खुर्चीत बसवा आणि एकेक वस्तू समोर आणा. 'हे सगळं काढायचंय' म्हटलं तर त्या काहीच सोडणार नाहीत. 'यातलं कुठलं ठेवू?' असं विचारलं की स्वतःच निवडतात. मोडीत घालायचं ठरलंच, तर दारावरच्या भंगारवाल्याला न देता भांड्यांच्या दुकानात नेऊन समोर वजन करून घ्या. कल्हई उडालेलं पातेलं टाकाऊ नसतं, कल्हई करून परत वापरात येतं.

घाई करू नये असं एकच ठिकाण, ते म्हणजे पत्र्याची ट्रंक. 1956 पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं बरीचशी मराठीत असतात, काही त्याहून जुनी मोडी लिपीत. वाचता येत नाही म्हणून पोरं ती रद्दीत टाकतात, आणि पुढं वारसाचं नाव उताऱ्यावर लावायच्या वेळी सगळे कपाळाला हात लावून बसतात. शिक्का किंवा स्टॅम्प दिसला की वाचत बसू नका, सरळ पिशवीत घाला आणि आधी फोटो काढून ठेवा. तीच ट्रंक उघडलीच आहे तर इरकली साड्या प्लॅस्टिकमधून काढून जुन्या सुती धोतरात गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका.

हे सगळं मृगाच्या आत उरका. एकदा आपला पाऊस लागला की बाहेर वाळत घालायची सोय नाही, भिंतीला टेकवलेल्या वाकळांना बुरशी धरते.

आणि पलंग बघा. जुना बाजेसारखा खाली असेल तर उठताना गुडघ्यावर जोर येतो. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. हातवाली खुर्ची एक हवीच. ऑपरेशनच्या आधीच सासूबाईंना एकदा वॉकर धरून त्या वाटेनं परड्यापर्यंत जाऊन यायला सांगा, तेही रात्री, दिवे लावून. जिथं अडखळतील तिथलं सामान हलवा, बाकीच्या घराकडं तूर्त बघूच नका. परड्यात पायरी आहे का, ते मात्र कळवा. तिथं भिंतीला धरायला दांडा लागेल.