पपायरस म्हणजे इजिप्तचा कागदच ना? आणि तो घरी बनवता येईल का?

कागद नव्हे. ‘पेपर’ हा शब्द पपायरसवरूनच आला, त्यामुळे घोटाळा होतो. कागदासाठी तंतू कुटून लगदा करावा लागतो. पपायरसमध्ये लगदा नसतोच, झाडाचे भेंड अखंड पट्ट्यांत कापून वापरतात.

झाड नागरमोथ्याच्या कुळातलं. चार-पाच मीटर उंच वाढतं, दांडा तिकोनी. वरची हिरवी साल सोलून काढायची. इजिप्तचे लोक तिच्या चपला, दोर, टोपल्या करत. आतलं पांढरं भेंड, बाशिंगाच्या भेंडासारखंच, त्याच्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या लांब पट्ट्या काढायच्या. त्या पाण्यात दोन-चार दिवस भिजवून लाटण्याने दाबायच्या, म्हणजे पाणी निघून त्या लवचीक होतात. जास्त दिवस भिजवल्या तर रंग तपकिरी होतो. मग एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, शेजारच्या पट्ट्यांच्या कडा किंचित एकमेकींवर चढवून. फट राहिली की तिथेच भोक! वर-खाली सुती कापड ठेवून वजनाखाली दाबायचं आणि कापड ओलं झालं की बदलायचं. यात आळस केला की बुरशी धरते. थर चिकटवायला वेगळा डिंक लागत नाही. ओलं भेंड दाबाने एकमेकांत रुतून बसतं. नाईलचं गढूळ पाणी गोंदाचं काम करतं असं रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय, ते मनावर घेऊ नका. मात्र वाळलेली पानं जोडून गुंडाळी करताना पिठाची खळ लावत, हे त्याचं बरोबर आहे.

शाई काजळी आणि डिंकाची. मथळ्यांना लाल, म्हणजे गेरू. काजळीची शाई ओल्या फडक्याने पुसता येई, म्हणून जुनं पान धुऊन पुन्हा वापरत. रोजच्या टिपणांना तर दैर अल-मदिनाचे, म्हणजे राजांची थडगी खोदणाऱ्यांच्या गावचे, कारागीर चुनखडीच्या कपच्याच वापरत.

लिहिलेले सर्वांत जुने पपायरस 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला सापडले. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातल्या मेरेर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी: तुराच्या खाणीतून गिझाला होडीने दगड नेल्याच्या नोंदी. कोरड्या वाळवंटात साडेचार हजार वर्षं टिकल्या. नाईलच्या दमट त्रिभुज प्रदेशातले पपायरस मात्र बहुतेक कुजून गेले.

घरी करायचं तर नागरमोथ्याचा नाद सोडा, दांडा फार बारीक. नर्सरीतला ‘अम्ब्रेला पाम’ त्याच कुळातला, पण पट्ट्या अरुंद निघतात आणि जोड वाढतात. खरा पपायरस शोभेचं झाड म्हणून मिळाला तर अंगठ्याएवढे जाड दांडे निवडा. पहिलं पान तळहाताएवढंच करा.

कैरोहून कोणी ‘पपायरस’ आणला असेल तर उजेडासमोर धरा. उभ्या-आडव्या रेषांची जाळी दिसली नाही, तर तो बहुधा केळीच्या पानांचा.