वेगवेगळ्या आकारांच्या दोन मॉनिटरवर वॉलपेपर म्हणून एकच सलग छायाचित्र कसे लावावे?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: डावीकडे २४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलचा मॉनिटर आहे, उजवीकडे २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा, संगणकावर विंडोज ११ आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण स्वतः टिपलेले रुंद छायाचित्र दोन्ही पडद्यांवर मिळून सलग दिसावे, अशी आपली इच्छा आहे. वॉलपेपरच्या सेटिंग्जमधला, एकच चित्र सर्व पडद्यांवर पसरवणारा ‘स्पॅन’ हा पर्याय निवडल्यावर मात्र दोन मॉनिटरच्या सांध्यावर क्षितिजरेषा तुटते आणि डावीकडचे डोंगर उजवीकडच्या डोंगरांपेक्षा मोठे दिसतात. यात मॉनिटरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा दोष नाही, आणि सेटिंग्जमधले पर्याय आलटून पालटून पाहिल्यानेही हे सुटणार नाही. छायाचित्राचे दोन तुकडे स्वतः मोजून कापावे लागतील. ते काम वाटते तितके किचकट नाही.

आधी कारण समजून घेऊ. ‘स्पॅन’ ही सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून उपलब्ध आहे. ती निवडली की विंडोज दोन्ही पडद्यांना सामावणारा एकच मोठा आयत धरते. आपल्या बाबतीत तो ४४८० बाय १४४० पिक्सेलचा होतो. छायाचित्र त्या आयतावर पसरवले जाते आणि प्रत्येक मॉनिटर आपल्या वाट्याचा भाग दाखवतो. हा सगळा हिशेब पिक्सेलमध्ये होतो, सेंटिमीटरमध्ये नाही. आपल्या २४ इंची मॉनिटरचा एक पिक्सेल सुमारे ०.२७७ मिलिमीटरचा आहे, तर २७ इंचीचा सुमारे ०.२३३ मिलिमीटरचा. त्यामुळे तोच डोंगर डावीकडे जवळजवळ १९ टक्के मोठा दिसतो. समजा, छायाचित्रात क्षितिज तळापासून ७०० पिक्सेल उंचीवर आहे आणि दोन्ही पडद्यांच्या खालच्या कडा टेबलावर एका रेषेत आहेत, तसेच डिस्प्ले सेटिंग्जमध्येही त्या तळाशी जुळवलेल्या आहेत. तरीही डाव्या पडद्यावर ते क्षितिज तळापासून साधारण १९.४ सेंटिमीटरवर येईल आणि उजव्या पडद्यावर १६.३ सेंटिमीटरवर. हा तीन सेंटिमीटरचा फरक म्हणजेच आपल्याला दिसणारी तुटलेली रेषा.

डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मॉनिटरचे चौकोन वरखाली सरकवून क्षितिज जुळवता येते आणि पुष्कळ जण तसाच सल्ला देतात. तो मला पटत नाही. एक तर त्याने फक्त एकाच उंचीवरची रेषा जुळते, तिच्या वरचे ढग आणि खालचे डोंगर विस्कळीतच राहतात. दुसरे म्हणजे ती मांडणी माउसचा बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेमका कुठून जावा हे ठरवण्यासाठी आहे. वॉलपेपरसाठी ती बिघडवली, तर दिवसभराच्या कामात बाण कडेला अडखळत राहतो.

आता मोजणी. पट्टी घेऊन दोन्ही पडद्यांचा केवळ उजळणारा भाग मोजावा, भोवतालची काळी चौकट त्यात धरू नये. या आकाराच्या पडद्यांची रुंदी बहुधा ५३.१ आणि ५९.८ सेंटिमीटर भरते, उंची २९.९ आणि ३३.६. त्यानंतर एका पडद्याच्या उजळ कडेपासून दुसऱ्याच्या उजळ कडेपर्यंतचे अंतर मोजावे. ते २ सेंटिमीटर आहे असे येथे धरतो. जो पडदा अधिक दाट पिक्सेलचा, त्याला प्रमाण मानावे. आपल्याकडे तो २७ इंची आहे: २५६० भागिले ५९.८, म्हणजे दर सेंटिमीटरला सुमारे ४२.८ पिक्सेल. या मापाने डाव्या पडद्याला छायाचित्राचा २२७५ बाय १२८० पिक्सेलचा तुकडा लागेल आणि मधल्या अंतरासाठी ८६ पिक्सेल सोडावे लागतील. एकूण रुंदी २२७५ अधिक ८६ अधिक २५६०, म्हणजे ४९२१ पिक्सेल झाली, उंची १४४०.

ते ८६ पिक्सेल कुठेच दिसणार नाहीत. खिडकीच्या मधल्या उभ्या लाकडाआड बाहेरचे थोडे दृश्य झाकले जाते, तसे ते चौकटीआड गेले असे समजावे. तेवढा भाग वगळला नाही, तर सांध्यावरून तिरपी उतरणारी कड्याची धार पायरीसारखी तुटते, आणि कोकणकड्याच्या अर्धगोलाकार धारेत ही तूट ठळकपणे जाणवेल. मात्र नेमक्या त्याच जागी एखादी व्यक्ती उभी असेल, तर छायाचित्र डावीउजवीकडे सरकवून दुसरा भाग निवडावा; माणसाचा चेहरा चौकटीआड जाऊ देऊ नये.

कापण्यासाठी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मूळ छायाचित्र २४ मेगापिक्सेलचे, म्हणजे ६००० बाय ४००० असेल, तर त्यातून ६००० बाय १७५५ चा आडवा पट्टा निवडून तो ४९२१ बाय १४४० आकाराचा करावा. हीच आपली मूळ पट्टी. ती वेगळी जपून ठेवावी. क्रॉप साधनाच्या पर्यायांत जागा आणि आकार आकड्यांत भरता येतात, त्यामुळे नजरेच्या अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. उजवा तुकडा आडव्या दिशेने २३६१ आणि उभ्या दिशेने ० या बिंदूपासून सुरू होतो, त्याचा आकार २५६० बाय १४४०. डावा तुकडा आडव्या दिशेने ० आणि उभ्या दिशेने १६० पासून, आकार २२७५ बाय १२८०. कापून झाल्यावर तो १९२० बाय १०८० इतका लहान करावा. उभ्या दिशेचे १६० हे दोन्ही पडद्यांचा तळ समपातळीत असेल तेव्हाच लागू पडते. डाव्या पडद्याचा तळ दीड सेंटिमीटर वर असेल, तर १६० मधून ६४ वजा करून ९६ घ्यावेत. सगळ्या खटाटोपात हा एकच आकडा खरा नाजूक आहे आणि स्टँडची उंची बदलली की तोही बदलतो. म्हणून स्टँड आधी पक्के करावेत आणि मगच मोजपट्टी हाती घ्यावी.

दोन्ही फाइली तयार झाल्या की सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, बॅकग्राउंड या क्रमाने जाऊन दोन्ही चित्रे ब्राउझ करून घ्यावीत आणि ‘फिट’च्या यादीत ‘स्पॅन’ऐवजी ‘फिल’ निवडावे. नंतर अलीकडच्या चित्रांच्या रांगेत प्रत्येक लघुचित्रावर राइट क्लिक करून ते कोणत्या मॉनिटरसाठी हवे ते सांगावे. दुसरा मॉनिटर जोडलेला नसेल, तर हा पर्याय दिसत नाही. डावे चित्र उजवीकडे आणि उजवे डावीकडे लागलेच, तर मॉनिटरच्या क्रमांकांची अदलाबदल करावी. डिस्प्लेचे स्केलिंग, म्हणजे अक्षरे आणि चिन्हे मोठी दाखवण्याचे प्रमाण, १२५ किंवा १५० टक्के ठेवले असले, तरी वॉलपेपरच्या हिशेबात पडद्याचे मूळ पिक्सेलच धरायचे आहेत. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा, की चित्रे स्वतंत्र असल्यामुळे डिस्प्ले सेटिंग्जमधली मांडणी पुढे कधी बदलली, तरी त्यांवर परिणाम होत नाही.

आकाशाच्या निळ्या छटांत पट्टे उमटल्यासारखे वाटले, तर त्याचे कारण बहुधा वेगळे असते. विंडोज जेपीईजी वॉलपेपर स्वतःच्या प्रतीत साठवताना त्याची गुणवत्ता ८५ वर आणते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, करंट युजरखालील कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉप या जागी ‘जेपीईजी इम्पोर्ट क्वालिटी’ या नावाची, रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता (JPEGImportQuality) लिहिलेली, डीवर्ड (DWORD) प्रकारची, म्हणजे संख्या साठवणारी, नोंद करून तिची दशमान किंमत १०० ठेवावी. साइन आउट करून परत यावे आणि चित्र पुन्हा लावावे. रजिस्ट्रीला हात लावण्याची सवय नसेल, तर आधी तिची प्रत काढून ठेवावी.

अशी बरीच छायाचित्रे आलटून पालटून लावायची असतील, तर विंडोजचा स्लाइड शो उपयोगी पडत नाही, कारण तो प्रत्येक मॉनिटरवर वेगळे चित्र आणतो आणि त्यात कापलेल्या जोड्या फुटतात. त्यासाठी सुपरपेपर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. त्यात पडद्यांचे इंच आणि चौकटीची जाडी भरली, की वर केलेला पिक्सेलचा आणि चौकटीचा हिशेब ते स्वतः करते, आणि ते लिनक्सवरही चालते. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप असेल, तर प्रत्येक पडद्यावर राइट क्लिक करून त्याचे चित्र स्वतंत्रपणे लावता येते, त्यामुळे वर कापलेले तुकडे तेथेही जसेच्या तसे चालतील. एक्सएफसीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये वॉलपेपरची खिडकी ओढून ज्या पडद्यावर न्यावी, त्या पडद्याला ती लागू होते. मॅकवरही प्रत्येक डिस्प्लेला वेगळे चित्र देता येते.

आपल्या पडद्यांची मापे, मधले अंतर आणि तळातला फरक मोजून येथे लिहिलात, तर नेमके आकडे काढून देईन.