नऊ एकर आणि एक कात्रण

प्रिय ज्युनियर,

काल रात्री साडेअकराला तू एकामागोमाग पाच लिंका टाकल्यास आणि खाली लिहिलंस, "सर यातलं नेमकं काय वाचू, रोज सुप्रीम कोर्टाचा नवीन निकाल, डोकं चालेनासं झालंय." मी झोपेत अंगठा दाखवला आणि आडवा झालो. आज सुट्टी आहे तर नीट लिहितो, लांबेल, चहा घेऊन बस.

आधी तुझा राग उरकू. २० मे २०२५ च्या निकालापासून तू धुसफुसतोयस, कारण सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजे असं कोर्टाने म्हटलं आणि तुझा "डिग्री हातात पडली की थेट जेएमएफसी" (म्हणजे थेट मॅजिस्ट्रेट) हा प्लॅन बोंबलला. पण मला फोन केलास तेव्हा तू बातमीच वाचली होतीस ना? ही तीन वर्षं प्रोव्हिजनल सनद (वकिलीचा तात्पुरता परवाना) मिळाल्यापासून मोजायची, ऑल इंडिया बारची परीक्षा पास झाल्यापासून नाही, हे निकालातच आहे, तुझे तेवढे महिने वाचले. एवढं तरी स्वतः शोधायला पाहिजे होतंस, निकाल तुझ्याच पोटापाण्याचा होता.

आता मुद्द्याचं. माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, बार रूममध्ये कधी कुणाला सांगितली नाही.

२०१६ ला एक ताई आल्या होत्या. वडील २००३ ला वारले, आई त्याआधीच गेलेली, दोन भाऊ आणि या एकट्या, वडिलोपार्जित नऊ एकर. लग्न १९८९ चं, म्हणजे मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणाऱ्या आपल्या महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीतूनही बाहेर, ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागूच नव्हती. तेव्हा "प्रकाश विरुद्ध फुलवती" हा सुप्रीम कोर्टाचा निकाल ताजा होता, ऑक्टोबर २०१५ चा, दोन न्यायाधीशांचा, आणि त्यात म्हटलेलं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असेल तरच मुलीला हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचा फायदा, म्हणजे मुलाइतकाच वाटा. मी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडून दाखवला: वडील आणि दोन मुलगे असे तीन वाटे धरायचे, वडिलांचा तीन एकरांचा वाटा तिघा भावंडांत, म्हणजे ताई तुमचा एक एकर. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, एका एकरासाठी माहेर कशाला तोडू वकीलसाहेब, आणि पुढच्याच आठवड्यात सब-रजिस्ट्रारकडे जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठा, सही, फोटो सगळं करून मोकळ्या झाल्या. मसुदा मीच केला होता, फी पण घेतली.

११ ऑगस्ट २०२० ला "विनीता शर्मा" आला. तीन न्यायाधीश. मुलीचा हक्क जन्माने, २००५ ला बाप जिवंत असायची गरज नाही, फुलवती चूक. त्याच आठवड्यात या ताई मास्क लावून, पेपरचं कात्रण चार घड्या घालून पदराखाली धरून माझ्या दारात. "साहेब, आता तीन एकर ना?" बरोबर होतं त्यांचं, तीनच एकर झाले असते. पण निकालाने मुलीचा हक्क मान्य केला, मुलीने स्वतः रजिस्टर करून सोडलेला हक्क परत आणून दिला नाही, आणि दस्त रद्द करून मागायची तीन वर्षांची मुदतही उलटून गेलेली. हे मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, बसा म्हणायचं पण सुचलं नाही.

आता तू म्हणशील, सर तेव्हाचा कायदाच तसा होता, तुमची काय चूक. चूक ही की मी निकाल दगडावरची रेघ असल्यासारखा सांगितला. दोन न्यायाधीशांचा निकाल आहे, अशी बरीच प्रकरणं वर पडून आहेत, वाटप मागायची घाई नसेल तर सही तरी करू नका, एवढं एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. २०१८ ला "दानम्मा"मध्ये दुसऱ्या दोन न्यायाधीशांनी वडील २००१ ला वारलेले असूनही मुलींना वाटा दिलाच होता, त्या गोंधळातूनच प्रकरण तिघांकडे गेलं. म्हणून कुठलाही निकाल उघडलास की आधी किती न्यायाधीश ते बघ, मग तारीख बघ, आणि मग तो आज जिवंत आहे का ते बघ. शेवटचं सगळ्यात जास्त बघ, कारण हल्ली निकाल फार लवकर म्हातारे होतात. भटक्या कुत्र्यांचा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश अकरा दिवसांत बदलला. पर्यावरण मंजुरी काम झाल्यावर मागून देता येणार नाही, हा १६ मे २०२५ चा निकाल १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक असा मागे घेतला. राज्यपालांना विधेयकावर मुदत घालून देणारा ८ एप्रिलचा निकाल, आणि २० नोव्हेंबरला पाच न्यायाधीश म्हणाले अशी मुदत कोर्टाला घालता येत नाही. मेमध्ये पाठ केलेलं डिसेंबरमध्ये ठोकून देशील आणि समोरचा वकील शांतपणे उठून उभा राहील.

दुसरं, कोर्टाला प्रश्न काय विचारला होता ते शोध. पातूरचा निकाल आठवतो? अकोला जिल्ह्यातली नगरपरिषद, पाटीवर मराठीखाली उर्दू, १५ एप्रिल २०२५. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर "मराठी हरली" म्हणून काय धुमाकूळ, तू पण रडका इमोजी टाकलास. अरे, मराठी तिथे पक्षकारच नव्हती. प्रश्न एवढाच होता की २०२२ चा राजभाषेचा कायदा मराठी सक्तीची करतो, पण तो जोडीला दुसरी भाषा लिहायला बंदी घालतो का. कोर्ट म्हणालं, घालत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे वगैरे जे पुढे आहे ते सुंदर आहे, मला आवडलं, पण उद्या तुझ्या केसमध्ये कामाला येईल ते पहिलं.

तसंच म्हाडाचं. ५ नोव्हेंबर २०२४, नऊ न्यायाधीश, मुंबईच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या वादातून वर गेलेलं प्रकरण. हेडलाईन काय, तर सरकार खासगी मालमत्ता घेऊ शकत नाही. निकालात काय, तर प्रत्येक खासगी मालमत्ता "समाजाची भौतिक साधनसंपत्ती" ठरत नाही, काही ठरू शकतात. रस्त्यात प्लॉट गेलेला आपला एक पक्षकार तेवढ्या हेडलाईनवर नाचत आला होता. त्याला खाली बसवायला मला पाऊण तास लागला.

बुलडोझरने घरं पाडण्याबद्दलचा निकालही वाच, १३ नोव्हेंबर २०२४. पंधरा दिवसांची नोटीस सगळ्यांना आठवते, पण रस्ता, फूटपाथ, नदी, रेल्वे रूळ यांवरच्या अनधिकृत बांधकामाला ते संरक्षण नाही हे कुणाला आठवत नाही आणि आपल्याकडे येणारी निम्मी टपरीवाली मंडळी नेमकी तिथलीच असतात.

आणि हो, परवाच्या तुझ्या अर्जातलं तिसरं सायटेशन (दाखला दिलेला निकाल) मला कुठेच सापडलं नाही. कुठून आणलंस ते विचारत नाही, मला अंदाज आहे. सुप्रीम कोर्टाच्या साइटवर ई-एससीआर, म्हणजे निकालांचा ऑनलाइन संग्रह, फुकट आहे, तिथे नाव टाकून जे दिसत नाही ते माझ्या लेटरहेडवर जाणार नाही. मराठी भाषांतरंही तिथे आहेत, पक्षकाराला समजावताना जरूर वापर, पण जजसाहेबांपुढे इंग्रजीच ठेवायचं.

सोमवारी रिमांड आहे. आपला पक्षकार पोरगा फक्त मराठी वाचतो आणि अटकेची कारणं त्याला कुठल्या भाषेत दिली हे अजून कुणी विचारलेलं नाही. ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल आहे, वरळीच्या अपघाताच्या केसमधला: कारणं लेखी, त्याला समजेल अशा भाषेत, आणि लगेच देता आली नाहीत तर रिमांडच्या निदान दोन तास आधी. आपली अटक त्या तारखेनंतरची आहे, आधी ते खात्री करून घे. पूर्ण निकालाचे प्रिंट काढ, पाठपोट, आणि पॅरांवर पेन्सिलने खूण कर, हायलायटर नको, साहेबांना आवडत नाही. साडेदहाला ये, अकराला नाही.

तुझा सर